कोरडवाहू शेती आणि बदलते हवामान: गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रातील बहुतांश पीकक्षेत्र पावसावर अवलंबून आहे. बदलत्या हवामानाचा पहिला फटका याच कोरडवाहू रानांना बसतो. त्याला तोंड कसे द्यावे, याबद्दल मात्र काही गैरसमज रूढ आहेत.

गैरसमज: हवामान बदलले म्हणजे पाऊस कमी झाला.
वस्तुस्थिती: बदलली आहे ती मुख्यतः पावसाची वाटणी. मध्य भारतात 1950 ते 2015 या काळात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. एकाच हंगामात पीक पाण्याने पिवळे पडते आणि पुढच्या खंडात करपते. रुंद वरंबा सरी पद्धत दोन्ही संकटांत उपयोगी पडते. वरंब्यावरील सोयाबीनला मुरलेली ओल मिळते, तर जादा पाणी सरीतून निघून जाते.

गैरसमज: पहिला पाऊस झाला की पेरणी उरकावी.
वस्तुस्थिती: कृषी विभाग 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरणीची शिफारस करतो. अपुऱ्या ओलीवर उगवलेली रोपे खंडात माना टाकतात. मग दुबार पेरणीत बियाणे, खत आणि मजुरी यांचा खर्च पुन्हा करावा लागतो.

गैरसमज: शेततळे झाले की पाण्याची चिंता मिटली.
वस्तुस्थिती: वाहून जाणारे पावसाचे पाणी साठवले, तर शेततळे खंडाच्या काळात एखाददुसरे संरक्षित पाणी देऊन पीक वाचवते. विहीर किंवा बोअर उपसून ते भरले, तर भूजल खालावते आणि उघड्यावरचे पाणी उन्हाने उडून जाते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरेबाजार गाव म्हणूनच दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवते. शेतीसाठी बोअर घेणे आणि ऊस, केळी लावणे तिथे गावानेच बंद केले.

गैरसमज: एखादे नवे वाण सगळे निभावून नेईल.
वस्तुस्थिती: बदनापूरच्या संशोधन केंद्राचे बीडीएन 711 हे तुरीचे वाण लवकर तयार होत असल्याने हंगामाअखेरच्या पाणीटंचाईतून बऱ्याच अंशी सुटते. तरीही एकाच पिकावर भिस्त ठेवणे धोक्याचेच. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेतल्यास एक पीक हुकले, तरी दुसरे हाती लागण्याची शक्यता राहते.

गैरसमज: हे बदल मोठ्या शेतकऱ्यांनाच परवडतात.
वस्तुस्थिती: मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत अनेक महिलांनी अर्धा ते एक एकरात धान्य, कडधान्ये आणि भाजीपाला अशी मिश्र शेती उभी केली. घरच्या ताटाची सोय आधी, विक्री नंतर, हे त्यांचे सूत्र. या कामाला 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय इक्वेटर पुरस्कार मिळाला.

ओल रानातच मुरवणे, पाण्याच्या हिशेबाने पीक निवडणे आणि जोखीम अनेक पिकांत वाटणे, हाच कोरडवाहू शेतीचा भरवशाचा मार्ग आहे. त्यातील पाण्याचा हिशेब मात्र एकट्या शेतकऱ्याने मांडून भागत नाही. तो गावाने मिळूनच मांडावा लागतो.