आगीआधी खडा

चंद्रपूरच्या परकोटाच्या आत, सराफ्याला लागून असलेल्या गल्लीत एका माडीवर खडे बसवण्याचं काम चालतं. खिडकीखाली बुटकं मेज, त्यावर चिमटे, कोरणी, पितळी ब्रश, लाखेच्या कांड्या आणि एक दहापट भिंग. कारागीर मांडीवर कातडं पसरून बसतो, म्हणजे कानस चालवताना सोन्याचा कीस खाली सांडत नाही. दुकानदारांकडून आलेल्या दुरुस्त्या छोट्या पाकिटांतून त्याच्यासमोर पडलेल्या असतात. कुणाची अंगठी सैल झालेली, कुणाच्या कुड्यातला खडा निघालेला, कुणाचं कोंदण झिजलेलं.

वरवर पाहता अंगठी घट्ट करणं साधं काम आहे. कडी कापायची, थोडं सोनं काढायचं, टोकं जुळवायची, टाकणखार लावून झाळ द्यायची, मग आगीनं काळवंडलेलं सोनं तेजाबाच्या पाण्यात टाकून उजळायचं. पण खड्याची अंगठी हातात आली की हा माणूस आधी भिंग उचलतो. त्याच्या कामाचा नियम तो चार शब्दांत सांगतो, “पहिले खडा, मग आग.”

हा नियम नीट समजून घ्यावा म्हणून मी त्याच्या शेजारी बसले. दागिने घेताना आपण सोन्याबद्दल दहा प्रश्न विचारतो आणि खड्याबद्दल एकच, “खरा आहे ना?” या माडीवर तो प्रश्न फार अपुरा वाटू लागतो. खडा खरा असू शकतो, जमिनीतून निघालेला असू शकतो, आणि तरीही त्याच्या पोटात बाहेरची काच, तेल किंवा रंग असू शकतो.

समोर लाल खड्याची अंगठी होती. त्यानं ती रिठ्याच्या पाण्यात ब्रशनं धुतली, मऊ कापडानं पुसली आणि खिडकीच्या उजेडात भिंगाखाली सावकाश फिरवू लागला. आधी पृष्ठभाग पाहिला. माणकाचा काठिण्यांक ९, हिऱ्याच्या खालोखाल. त्याची झळाळी सगळीकडे सारखी हवी. इथे मात्र पैलूवर बारीक, मंद रेषांचं जाळं होतं. तेवढ्या जागी चमक कमी पडत होती. मग त्यानं आत पाहिलं. भेगांमध्ये चपटे, गोल बुडबुडे. खडा किंचित तिरका केला तशी भेगेतून निळसर झळक येऊन गेली. त्यानं भिंग माझ्या हातात दिलं. “ताई, ही निळी चमक ध्यानात ठेवा. याच्यात काच भरेल हाये.”

शिसेयुक्त काच भरलेली माणकं बाजारात साधारण २००४ पासून मोठ्या प्रमाणावर आली. मूळ दगड माणकाचाच असतो, पण भेगाळलेला, अपारदर्शक, दागिन्याच्या उपयोगाचा नसलेला. तो आम्लानं साफ करतात, मग शिसं असलेल्या काचेच्या भुकटीबरोबर भट्टीत तापवतात. वितळलेली काच भेगांत शिरते. तिचा प्रकाश वाकवण्याचा गुण माणकाच्या जवळपास असल्यामुळे भेगा दिसेनाशा होतात आणि गढूळ दगड एकदम पारदर्शक, लालभडक दिसू लागतो. काही खड्यांत काच इतकी असते की त्याला माणिक म्हणावं की माणिक आणि काच यांचं मिश्रण, हा खरा प्रश्न होतो.

माणिक सोनाराची आग सहसा सोसतं. ही काच सोसत नाही. झाळ देताना ती मऊ होते, बाहेर झिरपते. टाकणखार तिला खातो, तेजाब तिला खातं. लिंबाचा रससुद्धा तिच्यावर पांढुरके चरे पाडतो. सणावाराला अंगठी लिंबानं घासून लखलखीत करण्याची सवय कितीतरी घरांत आहे. अशा घरात हा खडा गेला तर त्याचं खरं रूप स्वयंपाकघरातच उघडं पडतं. गिऱ्हाईक मग कारागिराकडे येऊन म्हणतं, तुम्ही माझा खडा बिघडवला. ज्यानं विकताना गप्प राहून नफा घेतला तो नामानिराळा राहतो. म्हणूनच हा कारागीर आगीआधी खडा काढतो, काय दिसलं ते पाकिटावर लिहितो आणि दुकानदाराची सही घेतो.

याचा अर्थ खड्यावर काही केलेलं असणं हीच फसवणूक, असा मात्र नाही. आज बाजारात असलेली बहुतेक माणकं आणि नीलम तापवलेलेच असतात. कुरुंद जातीच्या या दगडांत रुटाइलच्या रेशमासारख्या बारीक सुया असतात. १६०० अंशांच्या पुढे तापवलं की त्या विरघळतात, दगड स्वच्छ होतो, रंग खुलतो. श्रीलंकेत गेउडा नावाचा दुधट दगड मिळतो. पूर्वी त्याला फारशी किंमत नव्हती. १९७०च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी तो तापवून निळा करायला सुरुवात केली आणि नीलमाच्या बाजाराचं गणितच बदललं. हा बदल कायमचा असतो. तो झिरपत नाही, धुतला जात नाही. माणूस हे फार आधीपासून करत आला आहे. माणिक तापवण्याचं वर्णन अकराव्या शतकात अल्बेरुनीनं केलेलं आहे.

तापवलेला खडा कारागीर भिंगाखाली अनेकदा ओळखतो. सुया तुटून ठिपक्यांच्या ओळी झालेल्या असतात, आतल्या स्फटिकाभोवती चकतीसारखी भेग पसरलेली असते. उलट सुया सलग आणि तीक्ष्ण असतील तर दगडानं मोठी आग पाहिलेली नाही, असं तो मानतो. न तापवलेला चांगला खडा दुर्मिळ, म्हणून महाग. तापवलेला खडा तापवलेला म्हणून, त्याच्या भावात मिळाला तर व्यवहारात काहीच वावगं नाही. वावगं तेव्हा, जेव्हा दुसऱ्याला पहिल्याची किंमत लागते.

पाचूची गोष्ट आणखी वेगळी. निसर्गानंच पाचूला भेगा दिलेल्या असतात, आणि बाजारातल्या जवळजवळ प्रत्येक पाचूत तेल किंवा राळ भरलेली असते. सीडरचं रंगहीन तेल ही यातली जुनी आणि व्यापारात सर्वमान्य पद्धत. हिरवा रंग घातलेलं तेल मात्र निव्वळ लपवाछपवी. तेल कायम राहत नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि दुकानाच्या काचेच्या कपाटात वरून दिव्यांची धग असते. अशा उष्णतेत तेल हळूहळू सुकतं आणि घेताना न दिसलेल्या भेगा वर येतात. पाचूला गरम पाणी नको, ॲसिटोन नको, कंप पावणारं अल्ट्रासॉनिक यंत्र तर मुळीच नको. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, एवढंच. कारागीर पाचू बसवताना आगीचं सगळं काम आधी उरकतो आणि खडा शेवटी, थंड कोंदणात बसवतो.

या भागात सर्वांत जास्त विचारणा पुष्कराजाची, म्हणजे पिवळ्या नीलमाची, होते, कारण पत्रिका पाहून तो घालायला सांगितला जातो. फसगतीच्या वाटाही इथेच जास्त. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत थायलंडमधून नारिंगी आणि पिवळे नीलम मोठ्या संख्येनं येऊ लागले. ते बेरिलियमबरोबर तापवलेले होते. बेरिलियमचा अणू इतका लहान की तो दगडात खोलवर जातो आणि फिक्या दगडाला गडद पिवळा रंग देतो. हे बहुतेक वेळा भिंगातून दिसत नाही. त्याची खात्री प्रयोगशाळेतल्या महागड्या यंत्रावरच होते. कारागीरही इथे हात टेकतो. “हे माह्या डोयाचं काम नाही,” एवढं सांगतो, आणि त्याच्या या कबुलीवर मला सर्वांत जास्त विश्वास वाटतो. स्वस्तात पिवळा खडा हवा असलेल्याला सुनेला नावाचा खडा दिला जातो. तो गारेच्या जातीचा, आणि पुष्कळदा जांभळ्या गारेला तापवून पिवळा केलेला. सुनेला म्हणून विकला तर तो प्रामाणिक खडा आहे. पुष्कराज म्हणून विकला तर नाही. दोन्हींमध्ये फरक करणं अवघड नाही. पुष्कराजाची घनता ४, सुनेल्याची २.६५. सुटा खडा आधी हवेत, मग पाण्यात बुडवून तोलला की उत्तर मिळतं.

बाकीच्यांची गोष्ट थोडक्यात. गडद निळा टोपाझ बहुधा रंगहीन टोपाझवर किरणोत्सर्ग करून आणि मग तापवून केलेला असतो, रंग टिकतो. पोवळ्यात राळ भरतात, रंग देतात. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा न दिसणाऱ्या जागी फिरवला तर स्वस्त रंग बोळ्यावर उतरतो. फिरोजा मेणानं किंवा राळेनं घट्ट केलेला असतो. मोती शुभ्र करून, कधी रंगवून येतात.

जुन्या दागिन्यांबद्दलही एक गैरसमज आहे. आजीची अंगठी म्हणजे खडा अस्सलच, असं घरोघरी मानलं जातं. पण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नॉय यानं ज्वालेत माणिक बनवण्याची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली आणि थोड्याच वर्षांत ते खडे जगभर पोचले. भिंगाखाली त्यांच्यात वाढीच्या वक्र रेषा दिसतात. जमिनीतल्या माणकात त्या सरळ आणि कोनात असतात. आजीनं ते माणिक विश्वासानं घेतलं, विश्वासानं वापरलं. त्या दागिन्याचं मोल घराला आहेच. फक्त विमा काढताना किंवा वाटणी करताना खरं काय ते माहीत असावं.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांना रत्नं परकी नाहीत. गडचिरोलीतल्या आरमोरी तालुक्यातलं वैरागड एकेकाळी हिऱ्यांच्या खाणीसाठी देशभर प्रसिद्ध होतं. अबुल फझलनं ऐन-ए-अकबरीत चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजाच्या ताब्यातली ही खाण नोंदवली आहे. त्याच्या कितीतरी आधी वराहमिहिरानं बृहत्संहितेत वेणा नदीकाठच्या हिऱ्याला निर्दोष म्हटलं. काही अभ्यासक ती वेणा म्हणजे वैनगंगा मानतात. आणि जिथे रत्नं तिथे परीक्षाही. गरुडपुराणातल्या रत्नपरीक्षेच्या अध्यायांत काच आणि स्फटिक यांपासून केलेले खोटे हिरे आणि ते घासून, क्षारानं पारखून कसे ओळखावेत हे दिलेलं आहे. जडावाच्या कामात खड्याखाली डाक, म्हणजे चकाकता पातळ पत्रा, ठेवण्याची चालही जुनी. त्यानं फिका खडा उजळतो. कोंदण करून घेणाऱ्याला खाली डाक आहे हे ठाऊक असायचं. तो कलेचा उघड भाग होता, आणि उघड होता म्हणून त्यात खोट नव्हती.

हिऱ्याची पारख आता भिंगाच्या पलीकडे गेली आहे. भेगेत काच भरलेला हिरा रंगीत झळकेवरून ओळखू येतो, लेसरनं पाडलेलं छिद्र बाजूनं दिसतं. पण प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हा हिराच असतो; दुकानातली उष्णतेवर चालणारी पेनासारखी चाचणी त्यालाही हिरा म्हणणार, आणि ते बरोबरच आहे. तो जमिनीतला की यंत्रातला, हे फक्त सुसज्ज प्रयोगशाळा सांगते. दोघांच्या भावात मोठं अंतर आहे, म्हणून बिलावर तो शब्द हवाच.

कागदाचा मुद्दा इथूनच सुरू होतो. १६ जून २०२१ पासून देशात टप्प्याटप्प्यानं सोन्याचं हॉलमार्किंग सक्तीचं झालं आणि १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक लागतो. यानं सोन्याची शुद्धता कळते. खड्याबद्दल तो शिक्का एक अवाक्षर बोलत नाही. अनेक गिऱ्हाइकं हॉलमार्क पाहून खड्याचीही खात्री झाली असं समजतात; ही समजूत महागात पडते. कुंदन, पोलकी आणि जडाव यांना तर या सक्तीतून सूटच आहे.

खड्याचा दागिना घेताना बिलावर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं आणि खड्याचं वजन वेगळं हवं, नाहीतर दगड सोन्याच्या भावानं घरी येतो. खड्याचं वजन कॅरेटमध्ये घ्यावं. एक कॅरेट म्हणजे बरोबर २०० मिलिग्रॅम, जगभर तेवढंच. रत्ती मूळची गुंजेची, आणि गुंजेचा वेल इथल्या झुडपांत जागोजागी आहे. पण बाजारातली रत्ती दुकानागणिक बदलते. मग खड्याचं नाव, तो नैसर्गिक की कृत्रिम, आणि त्यावर काय केलं आहे, हे तीन शब्दांत का होईना, लिहून घ्यावं: “तापवलेला”, “काच भरलेला”, “तेल दिलेला”. किंमत मोठी असेल तर जयपूरची १९७२ पासूनची रत्न परीक्षण प्रयोगशाळा किंवा तशाच विश्वासू संस्थेचं प्रमाणपत्र मागावं. त्यावरचा फोटो, वजन आणि मापं आपल्याच खड्याशी जुळतात का, ते पाहावं आणि शेवटची ओळ वाचावी, कारण उपचाराची नोंद बहुधा तिथेच असते. तक्रार करायची वेळ आली तर जिल्हा ग्राहक आयोगापुढे दुकानातलं तोंडी आश्वासन फारसं चालत नाही. लिहिलेला शब्द चालतो.

तेंदूपत्त्याचे पैसे हातात आले की, धान विकलं की, लग्न ठरलं की गावाकडची माणसं सराफ्यात येतात. त्या पैशामागे उन्हातली मजुरी असते. ज्या गडचिरोलीत लेखा-मेंढा गावानं २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क कागदावर मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतःच्या हातात घेतला, त्या भागातल्या माणसाला लेखी शब्दाची किंमत शिकवायची गरज नाही. तोच आग्रह त्यानं सराफाच्या पेढीवर धरावा. प्रामाणिक दुकानदार लिहून देईल, कारण त्याचं काही जात नाही. जो लिहून द्यायला कचरतो, त्यानं आपल्या प्रश्नाचं उत्तर दिलेलंच असतं, आणि ते ऐकून उठून पुढच्या दुकानात जाण्याचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकाला आहे.