छताचा भार कोणी वाहायचा?

पाश्चात्य वास्तुकलेच्या इतिहासाचे पुस्तक उघडले की रोमन, रोमनेस्क, गॉथिक, रेनेसाँ, बरोक अशी नावांची माळच वाचकाच्या हाती येते. कमान गोल दिसली तर रोमनेस्क, टोकदार दिसली तर गॉथिक, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे काम भागते असा समज त्यामुळे होतो. आणि पोशाखाच्या तऱ्हा पिढीगणिक बदलतात तशाच इमारतींच्याही बदलत गेल्या असाव्यात, असे वाटू लागते. अभिरुचीचा भाग या बदलांत होताच. परंतु त्यांच्या मुळाशी गवंड्याचा एक रोकडा प्रश्न होता: विस्तीर्ण जागेवर दगडाचे छत घालावयाचे, तर त्याचा भार कोणी वाहायचा?

ग्रीकांनी हा प्रश्न टाळला. खांबांवर आडव्या शिळा टाकण्याची त्यांची रीत. शिळा फार लांब झाली की आपल्याच वजनाने मोडते. म्हणून ग्रीक मंदिरात खांबांची दाटी. रोमन लोकांनी कमानीचा आश्रय केला. पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांना रेटून अधांतरी राहतात खरे. पण तो रेटा तेथेच संपत नाही. तो खाली उतरतो आणि कमानीचे दोन्ही पाय बाहेर फाकवू पाहतो. रोममधील पँथिऑन हे सुमारे इ. स. १२५ मधील देवालय. त्याचा घुमट ४३ मीटर रुंद, आणि तो पेलण्यासाठी खालची भिंत सुमारे ६ मीटर जाड! घुमटाच्या माथ्याकडे रोमन कारागिरांनी हलका, सच्छिद्र दगड मिसळला आणि अगदी वर तर मोठे वर्तुळाकार छिद्रच ठेवले. प्रकाश येतो तो मुख्यतः तेथूनच.

पुढे अकराव्या-बाराव्या शतकांत ख्रिस्तमंदिरांवर दगडी छते घालण्याची प्रथा वाढली. लाकडी छते वारंवार जळत, हे त्याचे एक कारण. रोमनेस्क इमारतींच्या भिंती म्हणूनच इतक्या जाड आणि खिडक्या इतक्या लहान. त्यांतील अंधार भक्तिभावाला पोषक वाटतो. परंतु तो बव्हंशी भिंतीच्या भीतीतून आलेला आहे. भिंतीला भोक पाडणे म्हणजे छताशी वैर करणे होते.

ही भीती गॉथिक कारागिरांनी घालविली. गोल कमानीची उंची तिच्या रुंदीच्या निम्मीच असते. टोकदार कमान मात्र हवी तितकी उंच करता येते, आणि तिचा बाहेरचा रेटाही कमी असतो. छताखाली दगडी फासळ्या घातल्या की भार ठराविक खांबांवर उतरतो. उरलेला रेटा इमारतीच्या बाहेर उभ्या केलेल्या भक्कम टेकूंकडे अर्ध्या कमानींनी पोहोचवावयाचा. हे साधले आणि भिंतीला कामच उरले नाही! तिच्या जागी रंगीत काच आली. पॅरिसजवळील सेंदेनी येथे मठाधिपती स्यूजे यांनी १९४० नव्हे, त्याच्या बरोबर आठ शतके आधी, ११४० ते ११४४ या काळात मंदिराचा वेदीकडील भाग नव्याने बांधविला. तेथून ही रीत पसरली. शार्त्रचे मंदिर ११९४ च्या आगीनंतर याच रीतीने उभे राहिले.

मग उंचीची चढाओढ लागली. बोव्हे गावच्या मंदिराचे छत १२७२ मध्ये सुमारे ४८ मीटरांवर, म्हणजे पंधरा मजली इमारतीइतके उंच नेण्यात आले. बाराच वर्षांनी, १२८४ मध्ये, त्याचा मोठा भाग कोसळला. कारणांविषयी पंडितांत अद्याप वाद आहे. डागडुजी करणाऱ्यांनी मात्र वाद घातला नाही. त्यांनी दोन खांबांच्या मध्ये आणखी एकेक खांब उभा केला. एवढे होऊनही गावाची हौस फिटली नाही. १५६९ मध्ये मंदिरावर १५३ मीटर उंचीचा मनोरा पुरा झाला आणि १५७३ मध्ये तोही पडला. ते मंदिर आजतागायत अपुरेच आहे.

‘गॉथिक’ ही मुळात शिवी. सोळाव्या शतकातील इटालियन लेखक वासारी याला ही बांधणी रानटी गॉथ टोळ्यांना शोभणारी वाटे. रेनेसाँच्या इटलीला प्राचीन रोमची गोल कमान आणि घुमट पुन्हा हवे होते. पण फ्लॉरेन्सच्या मंदिराचा घुमट उभारण्याची वेळ आली तेव्हा एवढ्या रुंदीखाली लाकडी सांगाडा उभारणेच अशक्यप्राय ठरले. ब्रुनेलेस्की या सोनारकीत तयार झालेल्या कारागिराने १४२० ते १४३६ या काळात तो सांगाड्यावाचून बांधला. एकात एक अशी दोन कवचे, मधूनमधून उभ्या विटा रोवून धरलेले थर, आणि पिंपाला पट्टा घालावा तशा दगडी व लाकडी साखळ्या, ही त्याची युक्ती. गंमत अशी की, नव्या युगाचा आरंभ म्हणून गौरविल्या जाणाऱ्या या घुमटाची कमान टोकदारच आहे!

रोममधील संत पेत्राच्या मंदिराचा घुमट १५९० मध्ये पुरा झाला. त्यालाही पुढे तडे गेले आणि १७४० नंतरच्या दशकात त्याला लोखंडी कडी घालावी लागली. याच मंदिराच्या धर्तीवर सतराव्या शतकात जुन्या गोव्यात सेंट कायतानचे चर्च उभे राहिले. बरोक काळाने सजावट आणि वळणे पुष्कळ वाढविली. भाराच्या प्रश्नात मात्र नवे फारसे घातले नाही.

जुना प्रश्न मोडीत काढला तो लोखंडाने. १८५१ मध्ये लंडनला जोसेफ पॅक्स्टनने लोखंड आणि काच यांचा प्रचंड स्फटिक महाल काही महिन्यांत उभारला. १८८५ मध्ये शिकागोत दहा मजली इमारत धातूच्या सांगाड्यावर उभी राहिली, आणि भिंत केवळ पडदा झाली. मुंबईचे बोरीबंदरचे स्थानक १८७८ मध्ये बांधावयास घेतले तेव्हा टोकदार कमानीची निकड सरली होती. ती तेथे आली ती शोभेसाठी.

तरीही जुन्या गवंड्यांचा हिशेब कच्चा नव्हता. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्रदामचे ओकच्या तुळयांचे छप्पर जळाले आणि मनोरा कोसळला. खालचे दगडी छत काही ठिकाणी फुटले. बाकीचे सारे जागच्या जागी राहिले. डिसेंबर २०२४ मध्ये मंदिर पुन्हा उघडले, ते ओकच्याच नव्या छपरासह. त्यातील पुष्कळ तुळया सुतारांनी हातातल्या कुऱ्हाडीने तासल्या होत्या.