पाटी, लेखणी आणि छायाचित्र



टॅब्लेट म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे प्रथम औषधाची गोळी येते. आज जिच्याविषयी बोलावयाचे ती पेन टॅब्लेट म्हणजे संगणकाला जोडलेली एक पाटी होय. पाटीवर लेखणी फिरवावी आणि रेघ समोरच्या पडद्यावर उमटावी, एवढीच तिची किमया. फोटो सुधारणारे कारागीर ती वापरतात. कोणत्याही नव्या हत्याराला आम्ही कामगार चळवळीतले लोक तीन प्रश्न विचारतो. ते काय काम करते? त्याने हाताचे काय होते? आणि त्या हाताला दाम काय मिळतो? तेच आज या पाटीला विचारू.

चित्रावर बारीक हात चालविण्याची कला पुण्याला नवी नाही. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनी चित्रशाळा काढली. शिळाछापाच्या चित्रामागे शिळेवर उलटी आकृती उतरविणारा हात असे. पुढे फोटो स्टुडिओंत ‘रिटचिंग’ आले. निगेटिव्ह तिरप्या चौकटीवर ठेवीत, मागून उजेड घेत, तिच्यावर पेन्सिल धरावी म्हणून पातळ रोगण लावीत आणि सुईसारखे टोक केलेल्या कठीण पेन्सिलीने बारीक ठिपके भरीत. निगेटिव्हवर सारे उलटे असते. सुरकुती तेथे फिकट दिसते. तिच्यात शिसे भरले की कागदावर ती उजळते. एखादी जागा गडद करावयाची तर पात्याने हलकेच खरवडावयाचे. देवीचे व्रण असे झाकले जात. दाब केसभर जास्त झाला की काम फुकट जाई. म्हणजे सारी विद्या दाबात होती.

१९९० साली ‘फोटोशॉप’ बाजारात आले आणि हळूहळू हे काम संगणकावर गेले. चूक परत घेता येऊ लागली, निगेटिव्ह बिघडण्याची भीती सरली. परंतु कारागिराच्या हाती आला तो माऊस. माऊसला दाब कळत नाही. त्याची कळ एक तर दाबलेली असते, नाही तर सोडलेली. साबणाची वडी हाती धरून सही करून पाहा, म्हणजे अडचण समजेल. ज्या बोटांत वीस वर्षांचे कसब होते, त्यांना आता केवळ कळ दाबावयाची होती.

ही उणीव पाटीने भरून काढली. तिचा शोध मात्र जुना. अमेरिकेतील रँड या संस्थेने १९६४ सालीच अशी पाटी तयार केली होती. १९८३ साली जपानात वाकॉम कंपनी स्थापन झाली आणि तिची बिनतारी, बिनबॅटरीची लेखणी पुढे जगभर पसरली. बॅटरीवाचून लेखणी चालते कशी? सतारीची मुख्य तार छेडली की खालच्या तरफेच्या तारा आपोआप झंकारतात, तसाच हा प्रकार. पाटीच्या पोटात तारांची जाळी असते. ती चुंबकीय लहरी सोडते. लेखणीतले वेटोळे त्या लहरींनी झंकारते आणि उत्तर देते. उत्तर कोठे जोरात ऐकू आले यावरून जागा कळते. टोक दाबले की झंकाराचा सूर किंचित बदलतो. त्यावरून दाब कळतो. आजच्या अनेक पाट्या दाबाच्या ८१९२ पायऱ्या ओळखतात.

वापरण्याची रीत थोडक्यात सांगतो. पाटीचा प्रत्येक कोपरा पडद्याच्या त्याच कोपऱ्याशी बांधलेला असतो. म्हणून माऊससारखे उचलून पुन्हा ठेवावे लागत नाही. हात खाली आणि नजर वर, याची सवय व्हावयास काही दिवस जातात. तेवढा धीर धरावा. लेखणी पाटीपासून थोडी वर धरली तरी पडद्यावरची खूण सरकते, टेकविली की काम सुरू होते. दाबाने कुंचल्याची जाडी न बदलता रंगाचा जोर बदलेल अशी योजना चेहऱ्याच्या कामाला बरी. मूळ फोटोवर हात न चालविता वर पारदर्शक थर घ्यावा आणि दुरुस्ती त्यावर करावी. सावली एका फटकाऱ्यात न काढता दहा हलक्या हातांनी चढवावी. जुना रिटचर हेच करीत असे.

आता हाताचा प्रश्न. लेखणीने मनगट माऊसपेक्षा नैसर्गिक ठेवणीत राहते, हे खरे. पण लेखणी आवळून दहा तास बसले तर तीही बोटे धरते. दाबाची योजना हलकी ठेवावी, कोपराला आधार द्यावा आणि मधूनमधून उठावे. लग्नसराईत एकेका रात्रीत शेकडो फोटो हातावेगळे करावे लागतात, तेथे हा उपदेश मालकालाही ऐकवावा लागतो.

दामाचा प्रश्न याहून अवघड. हे काम पुष्कळदा नगावर होते आणि चार-पाच माणसांच्या खोलीत चालते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांवर केवळ सूचना देण्याचेच बंधन ठेवले. २०२५ मध्ये ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. म्हणजे लहान स्टुडिओतला कारागीर कायद्याच्या छपराबाहेरच. त्यातच आता एका कळीसरशी शेकडो चेहरे गुळगुळीत करणारी साधने आली आहेत आणि ‘मग तुझे काम काय?’ असा सवाल होतो.

काम हे, की कोठे थांबावे ते ओळखणे. मुरूम चार दिवसांचा पाहुणा, तो काढावा. तीळ जन्माचा सोबती, तो राखावा. आजीच्या सुरकुत्या पुसल्या तर नातवंडांना आजी सापडणार नाही. पुसण्याचा हुकूम निमूट पाळला म्हणजे काय होते, हे इतिहासात दिसते. ५ मे १९२० रोजी मॉस्कोत लेनिन भाषण करीत असतानाच्या प्रसिद्ध फोटोत मंचाच्या पायऱ्यांवर ट्रॉट्स्की उभा आहे. पुढच्या छापील प्रतींत तो नाही. ती जागा कोणा अनाम कारागिरानेच भरली असणार.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. या पाटीने हाताचे कसब हाताला परत दिले आहे. कसब परत आले, तर त्याचा मोबदलाही कसबाचाच हवा, आणि नको ते पुसण्यास नकार देण्याचा हक्कही त्याबरोबर हवा. पुढच्या वेळी अल्बम घ्यावयास जाल तेव्हा दर विचारा, पण हे चेहरे कोणी सुधारले तेही विचारा. पाटी दाब मोजते. त्याची किंमत ठरविणे आपल्याकडे आहे.