घरबसल्या दूरविक्रीचा जमाखर्च

न पाहिलेल्या ग्राहकास न दाखविलेला माल विकण्याचा धंदा अगदीं अलीकडचा आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. पण ती खरी नव्हे. अमेरिकेंतील शिकागो शहरीं आरन माँटगोमेरी वॉर्ड ह्या व्यापाऱ्यानें १८७२ सालीं एका साध्या कागदावर मालाची यादी छापून ती खेड्यांतील शेतकऱ्यांकडे टपालानें धाडली, आणि पुढें १८७५ सालीं ‘माल पसंत न पडल्यास पैसे परत’ असें अभिवचनहि दिलें. हिंदुस्थानांत टपालखात्यानें १८७७ सालीं व्ही. पी. ची पद्धत सुरू केली. पोस्टमन दाराशीं येई, पैसे मोजून घेई आणि मगच पुडकें हातीं देई. आजच्या ‘माल पोहोंचल्यावर रोख’ ह्या पद्धतीची ही आजीच म्हणावयाची.

१९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमानें भारतांत सर्वसामान्यांस इंटरनेट खुलें केलें आणि २०१६ सालीं यूपीआयची सोय झाल्यावर पैसे देण्याघेण्याची अडचणहि बरीचशी मिटली. साधनें बदललीं, वेग वाढला. पण दूरविक्रीचे मूळ प्रश्न मात्र बदलले नाहींत. ज्यानें विक्रेत्यास कधीं पाहिलें नाहीं त्यानें विश्वास कां ठेवावा, आणि अशा माणसापर्यंत पोहोंचण्यासाठीं विक्रेत्यानें किती खर्च करावा, हे ते दोन प्रश्न होत. ह्यांचीं उत्तरें न शोधतां जो ह्या धंद्यांत उडी घेतो, त्याचें भांडवल विक्री चालू असतांनाच कसें आटतें, हें एका उदाहरणानें पाहणें बरें.

पुण्यांतील एक मध्यम स्थितीचें घर डोळ्यांपुढें आणावें. घरांतील गृहिणीच्या हाताला चव आहे; तिचा गोडा मसाला शेजारींपाजारीं आवडीनें नेतात. यजमान सेवानिवृत्त झाले असून त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीपैकीं दोन लाख रुपये हाताशीं आहेत. तेवढ्यांत भाचा येतो आणि म्हणतो, “मामी, हे दोन लाख जाहिरातींत घालूं. सहा महिन्यांत सगळ्या महाराष्ट्रांत तुमचा मसाला जाईल.” मामी विचारते, “अरे, जाईल खरा. पण एका पाकिटामागें हातांत उरेल काय, तें आधीं मांडून दाखव पाहूं.” धंद्याचें पहिलें सूत्र तिच्या ह्या एका प्रश्नांत आलें आहे.

हिशेब मांडावयाचा तो असा. समजा, अर्धा किलोच्या पाकिटाची किंमत ४०० रुपये आहे. धने, खोबरें, तीळ, दगडफूल इत्यादि जिन्नस व कांडप मिळून १९० रुपये, पिशवी, चिठ्ठी व खोका ह्यांचे ३०, कुरिअरचे ७० आणि पैसे स्वीकारण्याच्या सोयीबद्दल कापले जाणारे १०; एकूण ३०० रुपये. म्हणजे उरले १००. आतां ह्या शंभरांतून जाहिरातीचा खर्च निघावयास हवा.

इंटरनेटवरील जाहिरात ही वर्तमानपत्रांतील जाहिरातीसारखी ठराविक दरानें मिळत नाहीं. तेथें प्रत्येक वेळीं क्षणार्धांत लिलाव होतो. कोणी कांहीं शोधूं लागला कीं त्याच्यापुढें कोणाची जाहिरात मांडावी, हें बोलीच्या रकमेवरून आणि जाहिरात त्याच्या कितपत उपयोगी पडेल ह्या अंदाजावरून ठरतें. पुष्कळदां पैसे द्यावे लागतात ते जाहिरातीवर बोट टेकविणाऱ्या प्रत्येक माणसामागें. मग तो माल घेवो अगर न घेवो. समजा, असा एक माणूस चार रुपयांस पडला आणि पन्नासांपैकीं एकानें पाकीट घेतलें, तर एका गिऱ्हाइकाची किंमत २०० रुपये झाली. उरतात १०० आणि जातात २००! अशीं ३०० पाकिटें खपलीं तर १,२०,००० रुपयांची विक्री झाली म्हणून घरांत पेढे वाटले जातील. पण प्रत्यक्षांत ३०,००० रुपये गांठचे गेलेले असतील. विक्रीचा आकडा डोळ्यांस सुखवितो. शिलकीचा आकडा मात्र खरें सांगतो.

तर मग जाहिरात देऊंच नये काय? तसें नाहीं. ह्या कोड्याचे तीन उलगडे आहेत. पहिला, पन्नासांपैकीं एकाऐवजीं पंचविसांपैकीं एक घेईल अशी व्यवस्था करणें. वर्णन स्पष्ट, छायाचित्र प्रामाणिक, किंमत व पाठविण्याचा खर्च प्रथमच सांगितलेला, असें असल्यास हें साधतें, आणि जाहिरातीचा खर्च शंभरांवर येऊन तोंडमिळवणी होते. दुसरा, एका वेळीं दोन पाकिटें विकणें. दोन पाकिटांचे ८०० रुपये. त्यांत जिन्नस ३८०, बांधणी ४०, भाडें १०० आणि कपात २० धरली तर २६० उरतात, आणि दोनशेंचा जाहिरातखर्च वजा जातांहि ६० हातीं राहतात. तिसरा व सर्वांत मोलाचा उलगडा म्हणजे तेंच गिऱ्हाईक पुन्हां येणें. दुसऱ्या खेपेस जाहिरातीचा खर्च नसतो. दोन खेपांनीं जमाखर्च सारखा होतो. तिसऱ्या खेपेपासून खरा नफा सुरू होतो. म्हणून जो माल वर्षांतून अनेकदां लागतो तो ह्या धंद्यास सोयीचा. आणि जो जन्मांतून एकदांच घेतला जातो, त्याला पहिल्याच विक्रीवर भरपूर नफा सुटला पाहिजे.

‘माल पोहोंचल्यावर रोख’ ह्या सोयीचाहि हिशेब वेगळा ठेवावा. दहा पुडकीं पाठविलीं आणि दोन न स्वीकारतां परत आलीं, तर प्रत्येकामागें जाण्यायेण्याचें भाडें १४० व बांधणीचे ३० मिळून १७० रुपये बुडाले, दोहोंचे ३४०. उरलेल्या आठांवर ८०० मिळाले, म्हणजे जाहिरातीपूर्वींच हजाराचे ४६० झाले. पुडकें रवाना करण्यापूर्वीं दूरध्वनीनें एकदां पत्ता व मागणी पक्की करून घेणें, हा त्यावर सोपा उपाय आहे.

दुसरें सूत्र जागेचें. मोठ्या बाजारसंस्थेच्या संकेतस्थळावर किंवा समाजमाध्यमांवर दुकान मांडणें म्हणजे दुसऱ्याच्या ओसरीवर बसणें होय. ओसरीवर रहदारी पुष्कळ असते, हें खरें. पण घरमालकानें नियम बदलले अथवा भाडें वाढविलें तर उठावें लागतें. तेव्हां ओसरीचा लाभ घ्यावा, पण स्वतःची लहानशी कां होईना, एक खोली असावी. संकेतस्थळाचें नांव स्वतःच्याच नांवावर नोंदवावें. तें काम करून देणाऱ्या कारागिराच्या नांवावर ठेवल्यास, त्याच्याशीं बेबनाव होतांच धंद्याची पाटीच त्याच्या हातीं जाते. परवलीचे शब्द घरांतील दोघांस ठाऊक असावेत आणि ग्राहकांच्या यादीची एक प्रत वेगळी राखावी.

ही यादी म्हणजे धंद्याची खरी ठेव. परंतु ती दुसऱ्याची अमानत आहे हेंहि विसरूं नये. ज्यानें मसाला मागविला त्याचा क्रमांक तिसऱ्यास विकणें हा विश्वासघात होय. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीं संमत झाला असून, संमतीवांचून माहिती भलत्या कामीं वापरूं नये, हें त्याचें सार आहे. व्यापारी संदेशांवर दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे निर्बंध आहेत, तेहि पाळावेत. सणापूर्वीं एक संदेश गेला तर आठवण राहते. रोज एक गेला तर कंटाळा येतो.

तिसरें सूत्र सचोटीचें, आणि त्याला आतां कायद्याचीहि जोड आहे. खाण्याचा जिन्नस विकणारा कितीहि लहान असला तरी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालीं त्यास नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. पाकिटावर करणाराचें नांव व पत्ता, निव्वळ वजन, करांसह कमाल किंमत आणि तयार केल्याचा महिना व वर्ष छापावें लागतें. ऑनलाइन विक्रीसाठीं २०२० च्या जुलैंत झालेल्या नियमांप्रमाणें तक्रारीची पोंच ४८ तासांत द्यावयाची आणि एका महिन्याच्या आंत तिचें निवारण करावयाचें असतें. पैसे घेऊन केलेली स्तुति ही पैसे घेऊन केलेली आहे, असें उघड सांगावें, हाहि दंडक २०२२ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनीं घालून दिला आहे. नातेवाइकांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेण्याचा मोह पुष्कळांस होतो. पण त्या अभिप्रायांवर विसंबून आलेला ग्राहक एकदांच येतो. आणि वर पाहिलेंच आहे कीं, एकदांच येणाऱ्या ग्राहकावर हा धंदा तगत नाहीं. तात्पर्य, येथें सचोटी ही केवळ नीति नसून अंकगणितहि आहे.

कराच्या बाबतींत एक बारकावा ध्यानीं ठेवावा. वस्तु व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. लहान विक्रेत्यांस उलाढालीच्या मर्यादेपर्यंत नोंदणीची सूट आहे, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून बाजारसंस्थेमार्फत आपल्याच राज्यांत माल विकणाऱ्यांसहि ती कांहीं अटींवर मिळते. परंतु पुण्याचें पाकीट बेळगांवीं किंवा इंदूरला धाडलें कीं तें राज्याची सीमा ओलांडतें, आणि मग मसाल्यासारख्या मालासाठीं सामान्यतः नोंदणी आवश्यक ठरते. भाच्याच्या ‘सगळीकडे पाठवूं’ ह्या उत्साहाआधीं हिशेबतपासनिसाचा सल्ला घेणें स्वस्त पडतें.

शेवटीं लबाडांविषयीं. मोठी मागणी नोंदवून, “पैसे पाठवितों, तेवढा तुमचा गुप्त क्रमांक दाबा,” असें सांगणारे ठक पुष्कळ भेटतात. यूपीआयनें पैसे घेण्यास गुप्त क्रमांक कधींहि लागत नाहीं. तो केवळ देण्यास लागतो. एवढें एक वाक्य घरांतील प्रत्येकानें पाठ करावें. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसतां १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावें. जितका उशीर कमी, तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक.

आतां त्या पुण्याच्या घरानें काय करावें? दोन लाख एकदम लावूं नयेत. प्रथम ओळखीच्या मंडळींत पन्नास पाकिटें विकून किती जण आपण होऊन दुसऱ्यांदा मागतात तें पाहावें. नंतर, गेली तरी संसारास धक्का बसणार नाहीं अशी एक रक्कम, समजा १०,००० रुपये, जाहिरातीसाठीं निराळी काढावी आणि ती संपतांच थांबून वही उघडावी. एका गिऱ्हाइकास किती खर्च आला, तें किती वेळां परतलें, किती पुडकीं माघारीं आलीं, हे तीन आकडे अनुकूल असतील तरच पुढचें पाऊल टाकावें. नसतील तर जाहिरात वाढवूं नये, माल किंवा किंमत सुधारावी. घरांतील गृहिणीच्या श्रमांचा मोबदलाहि खर्चांत धरावा. तो न धरतां दिसणारा नफा हा नफा नव्हे, तिच्या फुकट राबण्याची ती नोंद होय.

मामीनें भाच्यास विचारलेला प्रश्न साधा होता. परंतु तो जाहिरातीआधीं विचारला गेला, म्हणून म्हातारपणची पुंजी शाबूत राहिली. तोच प्रश्न सहा महिन्यांनंतर विचारला असता, तर उत्तर बरोबर आलें असतें, पण पुंजी उरली नसती.