घटकबद्ध जावा-प्रणाली आणि दूरस्थ वेबसेवा : दोषनिर्णयाची एक पद्धती

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला आज संगणकाचे साहाय्य घेतल्यावाचून चालत नाही. रूपविश्लेषण, पदच्छेद, कोशशोध ही कामे पुष्कळदा दूरच्या संगणकावरील वेबसेवा करतात व आपली जावा-प्रणाली त्यांना केवळ प्रश्न विचारते. ही प्रश्नोत्तरे खंडित झाली की ‘सर्व्हर बिघडला’ असा निर्णय देऊन आपण मोकळे होतो. हा निर्णय अनेकदा चुकीचा असतो, हे एका अनुभवावरून सांगता येईल.

आमच्या एका विद्यार्थिनीने जमविलेले बोलीशब्द अशाच एका सेवेकडे पाठवून आलेली उत्तरे फाइलमध्ये साठविली. दोन आठवड्यांनी फाइल उघडली, तेव्हा देवनागरीच्या जागी केवळ प्रश्नचिन्हे! दोष अर्थातच सेवेला देण्यात आला. वस्तुतः सेवा निर्दोष होती. व्याकरणात ध्वनी, रूप व वाक्य या पातळ्यांची गल्लत करून चालत नाही. तद्वतच येथेही दोष कोणत्या पातळीवरचा, हे प्रथम ठरविले पाहिजे.

पहिली पातळी संपर्काची. ‘अननोन होस्ट’ म्हणजे यंत्राचे नाव पत्त्यात रूपांतरित झाले नाही. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे, सामान्यतः, यंत्र सापडले, परंतु त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. ‘टाइमआउट’ म्हणजे ठरलेल्या वेळात उत्तरच आले नाही. येथे फायरवॉलचा संशय घ्यावा. याउलट 404, 500 किंवा 503 असा क्रमांक आला, तर कोणीतरी, निदान मधल्या प्रॉक्सीने तरी, उत्तर दिले आहे. सोप 1.1 मध्ये सेवेची तक्रार 500 या क्रमांकासहच येते. म्हणून क्रमांक पाहून न थांबता उत्तराचा मजकूर वाचावा. मग तीच विनंती त्याच यंत्रावरून ‘कर्ल’ने पाठवावी. ती सफल झाल्यास दोष बहुधा आपल्याच घरात आहे असे समजावे.

दुसरी पातळी घटकांच्या सीमांची. सप्टेंबर 2017 मध्ये आलेल्या जावा 9 ने प्रणालीचे मॉड्यूल पाडण्याची व्यवस्था भाषेतच आणली. कोणते मॉड्यूल कोणावर अवलंबून आहे व कोणते पॅकेज इतरांना खुले आहे, हे तेव्हापासून स्पष्ट लिहावे लागते. सोप-सेवांसाठी लागणारी जॅक्स-डब्ल्यूएस व जॅक्स-बी ही अंगे 2018 च्या जावा 11 मधून वगळण्यात आली. ती स्वतंत्रपणे जोडली नाहीत, तर ‘नोक्लासडेफफाउंडएरर’ येतो. पुढे 2020 मध्ये जकार्ता ईई 9 ने पॅकेजनामांतील ‘जावाएक्स’च्या जागी ‘जकार्ता’ आणले. वर्गाचे अंत्यनाम तेच असले, तरी संगणकाच्या लेखी हे दोन भिन्न शब्द होत. एका प्रणालीत दोहोंची सरमिसळ करू नये.

‘इनॅक्सेसिबलऑब्जेक्ट’ अशी तक्रार आली, तर वर्ग सापडला आहे, पण त्याच्या अंतर्भागात शिरण्यास मज्जाव आहे; त्या पॅकेजपुरते ‘ओपन्स’ लिहावे. अधिक फसवा प्रकार ‘जेलिंक’ने बनविलेल्या संक्षिप्त जावाचा. काही मॉड्यूल ‘रिक्वायर्स’ने नव्हे, तर सेवा पुरविण्याच्या नात्याने जोडलेले असतात, आणि हे नाते जेलिंक आपण होऊन पाळीत नाही. जावा 22 पूर्वी ‘जेडीके.क्रिप्टो.ईसी’ असेच गळून जाई व सुरक्षित जोडणी ‘हँडशेक फेल्युअर’ म्हणून मोडे. दिसायला दोष दूरच्या यंत्राचा. प्रत्यक्षात आपल्या गाठोड्यातील उणीव!

तिसरी पातळी लिपिसंकेताची. ‘शब्द’ या शब्दात संगणकाच्या हिशेबाने श, ब, हलन्त व द अशी चार चिन्हे आहेत आणि यूटीएफ-8 मध्ये प्रत्येकास तीन, म्हणजे एकूण 12 बाइट्स लागतात. हे बाइट्स दुसऱ्या संकेताने वाचल्यास परकी अक्षरे दिसतात. मूळ बाइट्स शाबूत असतील तोवर ते योग्य संकेताने पुन्हा वाचता येतात. परंतु देवनागरी नसलेल्या संकेतात लिहिल्यास जावा प्रत्येक चिन्हाऐवजी प्रश्नचिन्ह टाकते. पहिला दोष वाचनाचा, दुसरा लेखनाचा. दुसऱ्यात मजकूर कायमचा नष्ट होतो. जावा 18 पासून (2022) यूटीएफ-8 हाच गृहीत संकेत आहे. तत्पूर्वी तो यंत्राच्या मांडणीवर अवलंबून असे.

आमच्या विद्यार्थिनीची प्रणाली विंडोजवर, जावा 17 वर चालत होती व फाइल लिहिताना संकेत सांगितलेला नव्हता. चार अक्षरी शब्दास चारच प्रश्नचिन्हे, एवढ्यावरूनच निदान करता आले असते. सुदैवाने शब्दांच्या मूळ चिठ्ठ्या तिने जपल्या होत्या. म्हणून श्रम दुप्पट झाले, संग्रह मात्र वाचला.

तात्पर्य, आधी संपर्क, मग मॉड्यूलच्या सीमा, अखेरीस लिपी, या क्रमाने तपासावे. वाचताना व लिहिताना यूटीएफ-8 चा स्पष्ट निर्देश करावा. आणि सेवेचे आलेले उत्तर, त्यावर कोणताही संस्कार करण्यापूर्वी, बाइट्सच्या मूळ स्वरूपात जतन करावे. क्षेत्रकार्यात मूळ ध्वनिमुद्रणाचे जे मोल, तेच येथे या बाइट्सचे आहे.