झेरॉक्सच्या दुकानात मांडलेला पट

उन्हाळ्याच्या सुटीत ‘व्यापार’ खेळला नाही असा माझ्या पिढीचा माणूस महाराष्ट्रात सापडायचा नाही. आणि त्यात दिवाळं निघून फुगून बसला नाही, असाही सापडायचा नाही. बाराला डाव मांडला की दोन वाजेपर्यंत मुंबई, कोलकाता आणि झाडून सारी हॉटेलं एकाच्या घशात. दुसऱ्याची शहरं गहाण पडलेली. बाकीचे दोघं केव्हाच बाद होऊन पंख्याखाली लोळत पडलेले.

हा खेळ मुळात अशी चीड यावी म्हणूनच रचला होता. अमेरिकेतल्या एलिझाबेथ मॅगी या बाईंनी १९०४ साली ‘लँडलॉर्ड्स गेम’ नावाच्या पटाचं पेटंट घेतलं. जमीन मोजक्यांच्या हाती गेली की बाकीच्यांचे काय हाल होतात, ते लोकांना खेळता खेळता कळावं, असा त्यांचा हेतू. पुढे १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने त्याच वळणाचा ‘मोनॉपॉली’ बाजारात आणला. आपला ‘व्यापार’ त्याच कुळातला. धडा गळून पडला, दिवाळं तेवढं राहिलं.

पटावरचे खेळ म्हणजे व्यापार, सापशिडी, ल्युडो आणि कॅरम, एवढीच माझीही समजूत होती. गोंडपिपरी या तालुक्याच्या गावी तहसीलीच्या रस्त्याला माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. उत्पन्नाचे दाखले, सातबारे, जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज, हाच धंदा. पुण्यात नोकरी करणारा भाचा एका दिवाळीला आला आणि जाताना हाताच्या ओंजळीएवढा एक डबा ठेवून गेला. नाव ‘जयपूर’. रचणारा माणूस मात्र स्वित्झर्लंडचा, सेबास्तियन पोशों. खेळ २००९ सालचा.

‘जयपूर’ दोघांचा खेळ. पंचावन्न पत्ते. हिरे, सोनं, चांदी, कापड, मसाला, चामडं असा सहा तऱ्हेचा माल आणि अकरा उंट. मधे पाच पत्त्यांचा बाजार उघडा मांडलेला. आपल्या पाळीला एकच गोष्ट करायची : माल घ्यायचा नाहीतर विकायचा. हातात सातपेक्षा जास्त पत्ते ठेवता येत नाहीत. प्रत्येक मालाच्या किमतीच्या चकत्या उतरत्या भावाने रचलेल्या असतात. चामड्याची पहिली चकती चार रुपयांची, मग तीन, मग दोन आणि नंतर सगळ्या एकेकाच्या. जो आधी विकेल त्याला चढा भाव. पण तीन, चार किंवा पाच नग एकदम विकले तर वर बक्षिसाची चकती. आता थांबून ढीग जमवायचा, की समोरच्याने बाजार पाडण्याआधी मोकळं व्हायचं? सगळा खेळ या एका प्रश्नावर उभा आहे.

आमच्या गल्लीतल्या एक मावशी आठवडी बाजारात मिरचीचं दुकान लावतात. त्या आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आल्या होत्या. लाइट गेली होती, म्हणून बसल्या आणि मी डबा उघडला. आधी संशयाने बघून म्हणाल्या, “काहून जी, हा जुगार तं नाई ना?” नियम सांगायला मला फार वेळ लागला नाही. दुसऱ्या डावापासून त्यांनी मला लुटायला सुरुवात केली. मी पाच चामडी जमवायच्या नादात होतो. त्यांनी दोनच टाकली आणि वरच्या दोन्ही चकत्या उचलल्या. “भाव पडाच्या आधी इकून टाकाचं. ढीग काय चाटाचा हाये?” मग बाजारातले सगळे उंट एका दमात उचलले. वास्तविक त्याने माझ्यासाठी तेवढेच नवे पत्ते उघडे होण्याचा धोका असतो. पण माझा हात भरलेला आहे, मला अदलाबदल केल्याशिवाय काही घेता येणार नाही, हे त्यांनी आधीच हेरलं होतं. डाव संपल्यावर ज्याच्याकडे उंट जास्त, त्याला पाच रुपये अधिक. तेही त्यांनाच मिळाले.

नव्या बोर्ड गेमचं मर्म मला त्या दिवशी कळलं. नशीब त्यात आहेच, पत्ते पिसलेलेच असतात. पण नशीब तुम्हाला फक्त परिस्थिती देतं, निर्णय तुमच्याकडे ठेवतं. ल्युडोत सहा पडले नाहीत तर घराबाहेर पडता येत नाही. तिथे करण्यासारखं काही उरतच नाही.

या खेळांचं माहेर जर्मनी. तिथे १९७८ साली काही समीक्षकांनी एकत्र येऊन वर्षातल्या उत्तम खेळाला पुरस्कार द्यायचं ठरवलं. ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षाचा खेळ. पहिला पुरस्कार १९७९ चा. १९८३ चा पुरस्कार मिळालेला ‘स्कॉटलंड यार्ड’ पुढे फनस्कूल या खेळण्यांच्या कंपनीने आपल्याकडे आणला. तेव्हा लपत फिरणाऱ्या मिस्टर एक्सचा माग काढणाऱ्या इथल्या कितीतरी मुलांच्या हाती नकळत हेच दालन आलं होतं. १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या खेळणी मेळ्यात तेरा खेळकर्त्यांनी बिअरच्या ग्लासाखाली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर सह्या केल्या : डब्यावर आमचं नाव छापणार नसाल तर खेळ देणार नाही. पुस्तकावर लेखकाचं नाव असतं तसं खेळावर खेळकर्त्याचं नाव येऊ लागलं. लोक नाव बघून खेळ घेऊ लागले. एसेन शहरात १९८३ पासून दर शरदात भरणाऱ्या खेळांच्या मेळ्याला आता दोन लाखांच्या आसपास माणसं येतात.

जगाला या छंदाची गोडी लावली ती ‘कटान’ने. कर्ता क्लाउस टॉयबर, धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा. दिवसभर प्रयोगशाळेत काम आणि रात्री घराच्या तळघरात खेळांची जुळवाजुळव. १९९५ साली ‘कटान’ आला, त्याच वर्षीचा पुरस्कार घेऊन गेला आणि पुढे चाळीसहून अधिक भाषांत पोचला. टॉयबर २०२३ मध्ये वारले.

‘कटान’मध्ये एकोणीस षटकोनी तुकड्यांचं बेट असतं. कुठे जंगल, कुठे शेत, कुठे कुरण, विटांची माती, खनिजाचा डोंगर. वाळवंट सोडून प्रत्येक तुकड्यावर एक आकडा. दोन फासे टाकायचे. जो आकडा पडेल त्या तुकड्याशेजारी ज्यांची वस्ती, त्यांना तो माल. दोन फाशांचे छत्तीस मेळ होतात. त्यात सहा आणि आठ प्रत्येकी पाच वेळा पडू शकतात, दोन आणि बारा एकेकदाच. म्हणून सहा-आठशेजारची जागा सोन्यासारखी. सात सर्वांत जास्त, सहा वेळा पडू शकतो, पण त्यावर माल नाही. त्यावर दरोडेखोर हलतो. फासा आहे, पण कुठे वस्ती करायची ते फाशाचं गणित बघून तुम्ही ठरवता. शिवाय विटा माझ्याकडे, लाकूड तुमच्याकडे, तर अदलाबदल करावीच लागते. ज्याचे दहा गुण आधी, तो जिंकला. मधेच कोणी बाद होत नाही. तास-दीड तासात डाव संपतो आणि हरणाराही शेवटपर्यंत पटावर असतो. ‘व्यापार’शी ताडून बघा.

हे सगळं विलायतेतून आलं, असं म्हणून मोकळं होता येत नाही. आपल्याकडे मोक्षपट होता. ज्ञानेश्वरांनी तो रचला असं परंपरा सांगते. या पटावर आणि त्याच्याच जातीच्या ज्ञानचौपडीवर जेकब श्मिट-मॅडसेन या डॅनिश अभ्यासकाने कोपनहेगन विद्यापीठात प्रबंध लिहिला आहे. पण मोक्षपटात शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे, आणि माणूस दानाच्या हाती. शिकवण मोठी, खेळणाऱ्याला करायला मात्र काहीच नाही. नव्या खेळांचा खरा पूर्वज मला आमच्या जंगलातल्या गुराख्यांकडे दिसतो : वाघ-बकरी. माझे वडील ओसरीच्या फरशीवर कोळशाने पट आखायचे. वाघ मोजके, बकऱ्या पुष्कळ. वाघ उडी मारून बकरी खातो. बकऱ्यांना उडी मारता येत नाही, त्यांनी वाघाला चहूकडून कोंडायचं. नेपाळमध्ये हाच खेळ बाघचाल म्हणून खेळतात, चार वाघ आणि वीस बकऱ्यांचा. फासा नाही, पत्ता नाही, आणि दोन्ही बाजूंचे नियम वेगळे. ‘रूट’ नावाच्या २०१८ च्या अमेरिकी खेळात जंगलावर राज्य करू पाहणाऱ्या प्रत्येक प्राण्याच्या टोळीचे नियम वेगळे आहेत. त्याचं जगभर कौतुक झालं. आमच्या फरशीवर हे तत्त्व होतंच.

मला सर्वांत नवल वाटलं ते सगळ्यांनी मिळून खेळायच्या खेळांचं. मॅट लीकॉक यांचा २००८ चा ‘पॅन्डेमिक’ घ्या. पटावर जगाचा नकाशा, त्यात आपली मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाताही. चार रोग पसरताहेत, दोन ते चार खेळाडू एकाच बाजूने लढतात आणि समोर फक्त पत्त्यांची गड्डी. जिंकले तर सगळे, हरले तरी सगळे. माझ्या दुकानात खेळायला येणारे एक आरोग्यसेवक आयुष्यभर गडचिरोलीच्या गावांत हिवतापासाठी रक्ताचे नमुने गोळा करत फिरले आहेत. बाकीचे जिथे रोगाचे जास्त ठोकळे जमले तिकडे धावत होते. त्यांनी एक शांत दिसणारं शहर दाखवलं. त्याच्या तिन्ही शेजारी शहरांत रोग काठावर आला होता. “तापाच्या मांगं नाई धावाचं. तो पुढं कुठं जाते तं पायाचं.” त्या डावात आम्ही वाचलो.

अडचणी आहेत. पहिली, पत्ते दिसले की लोकांना जुगार दिसतो. बायका-मुलं पत्त्यांपाशी बसलेली कोणाला चालत नाहीत. त्यावर उपाय एकच, शटर वर ठेवून उजेडात खेळायचं. दुसरी, नियम इंग्रजीत. तेव्हा एकाने आधी वाचून घ्यावेत आणि बाकीच्यांना खेळवत शिकवावेत. पुस्तिका वाचून दाखवू नये, माणसं पळतात. ज्याला मेंढीकोट किंवा तीनशे चार येतो, त्याला हुकूम आणि हात समजावून सांगावे लागत नाहीत. तिसरी अडचण किमतीची. मोठा डबा काही हजारांत जातो, आणि तो हातात घेऊन बघता येईल असं दुकान आमच्या तालुक्यात नाही.

पण माझ्याकडे मशीन आहे. कितीतरी खेळकर्ते आपले खेळ छापून खेळण्यासाठी फुकट खुले ठेवतात. तीनशे जीएसएमचा जाड कागद, वर मॅट पाऊच, कारण चकचकीत लॅमिनेशन पिसताना घसरतं, आणि कोपरे गोल करायचा पंच. सोंगट्यांना चिंचोके, एका बाजूचे तसेच आणि दुसऱ्या बाजूचे घासून पांढरे केलेले.

काही खेळांना तर तेही लागत नाही. व्लाडा ख्वाटिल या चेक खेळकर्त्याचा २०१५ चा ‘कोडनेम्स’ मराठीत खेळायला फक्त चिठ्ठ्या लागतात. पाच बाय पाचात पंचवीस शब्द मांडा. दोन संघ करा. एकाचे नऊ शब्द, दुसऱ्याचे आठ, सात कोणाचेच नाहीत आणि एक घातक. कोणता शब्द कोणाचा, ते फक्त दोन म्होरक्यांना दिसणाऱ्या कागदावर लिहा. म्होरक्याने एक शब्द आणि एक आकडा सांगायचा, संघाने त्यावरून आपले शब्द ओळखायचे. घातक शब्दावर बोट ठेवलं की डाव गेला. एकदा आमच्या म्होरक्याने सांगितलं, “संकलन, तीन.” इथल्या पोरांनी पटकन जंगलातून वेचून आणायचे ‘मोह’ आणि ‘डिंक’ दाखवले. भाच्याने शेजारच्या ‘पान’कडे ढुंकूनही न बघता आत्मविश्वासाने ‘कर’वर बोट ठेवलं. घातक शब्द तोच होता.

महाराष्ट्रातही आता असे खेळ रचले जाताहेत. मुंबईच्या मेमेसिस कल्चर लॅबच्या झैन मेमन यांनी रचलेल्या ‘शासन’साठी २०१९ मध्ये इंटरनेटवरून लोकवर्गणी जमली. त्यात प्रत्येक खेळाडू पुढारी. धोरणाच्या प्रश्नांना तुम्ही जशी उत्तरं द्याल त्याप्रमाणे पैसा, प्रसिद्धी, दबदबा किंवा विश्वास मिळतो आणि त्यावर मतदार जोडायचे. नगरपंचायतीच्या निवडणुका जवळून पाहिलेल्या माणसाला याचे नियम समजायला अडचण पडू नये.

पुण्या-मुंबईत यासाठी कॅफे आहेत. पण वेळ खरा आमच्याकडे आहे. वाघाचा वावर असला की अंधार पडल्यावर कोणी गावाबाहेर पडत नाही. पावसाळ्यात वैनगंगा फुगली की रस्ते अडतात. मोबाइल सगळ्यांकडे आहे, आणि एका खोलीत चार माणसं चार दिशांना तोंड करून बसलेली असतात. पटाभोवती बसलं की निदान तोंडं एकमेकांकडे होतात.

माझं सांगणं एवढंच आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि गावोगावी वाचनालयं आहेत. जर्मनीत ग्रंथालयातून पुस्तकासारखे खेळही घरी नेता येतात. आपल्या वाचनालयाच्या कपाटात चार खेळ ठेवायला फार खर्च नाही : दोघांसाठी ‘जयपूर’, चौघांसाठी ‘कटान’, मिळून खेळायला ‘पॅन्डेमिक’, आणि मराठी शब्दांच्या चिठ्ठ्यांची एक पिशवी. देणगीदारांनी पंख्यावर नाव घालण्याऐवजी एखाद्या डब्यावर घालावं. आणि चिठ्ठ्यांची वाट तर कोणीच बघू नये. कागद, पेन आणि चार माणसं जमली की आज रात्रीच डाव मांडता येतो.