शब्दांचा साचा

शाळेच्या यादीत एकानं गाव लिहिलं ‘रेणापूर’, दुसऱ्यानं ‘रेणापुर’. आपण दोन्ही एकच समजतो. संगणक समजत नाही. ‘रेणापूर’ शोध म्हटलं, की ऱ्हस्व उकाराची मुलं मागं राहतात. शिष्यवृत्तीची यादी अशी निघाली, तर नुकसान त्या मुलांचं!

उपाय असा, की शब्दाऐवजी साचा द्यावा. ‘रेणाप[ुू]र’ लिहिलं, म्हणजे कंसातलं कोणतंही एक चिन्ह चालतं आणि दोन्ही रूपं सापडतात. या साच्यांचं गणित अमेरिकेतल्या स्टीफन क्लेनी यांनी १९५१ साली मांडलं. केन टॉम्पसन यांनी १९६८ साली ते मजकूर शोधण्याच्या कामी लावलं.

पण एक ध्यानात ठेवा. साचा रूप पाहतो, खरेपणा नाही. पिनकोडचा साचा म्हणजे पहिला आकडा १ ते ९ आणि पुढं कोणतेही ५ आकडे. रेणापूरच्या ४१३५२७ ऐवजी लातूरचा ४१३५१२ लिहिला, तरी साचा ‘बरोबर’च म्हणणार. सुपानं पाखडलं तरी खडे हातानंच वेचावे लागतात. तसं यादीवर शेवटची नजर गुरुजींचीच हवी.